वाचकांचे प्रश्न : विचारणारा समोर असताना

प्रश्न : कोथरूडच्या आमच्या सोसायटीत पाणीवापराची पाहणी केली. तरुणांनी मोबाइलवर फॉर्म भरला. ज्येष्ठांना समितीच्या सदस्यांनी घरी जाऊन विचारले. ज्येष्ठांपैकी कोणीच पाइपने गाडी धूत नाही, असे निघाले. हे खरे मानावे का?

उत्तर : जपूनच मानावे. समितीचा सदस्य चहाचा कप हाती धरून समोर बसला असता ‘हो, रोज पाइप लावतो’ असे सांगणे कोणालाही जड जाते; तेच उत्तर पडद्यावर खूण करून देताना संकोच कमी वाटतो. समोर कोण आहे, याला नाजूक प्रश्नांत किती महत्त्व असते पाहा : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरगुती हिंसेचे प्रश्न एका घरातील एकाच स्त्रीला, आणि तेही एकांत मिळाला तरच, विचारले जातात; त्यात तिच्या सुरक्षिततेचाही विचार असतो.

मात्र फॉर्म निर्दोष असतो, असे नव्हे. वाचून उत्तर देणारा घाईत वरचाच पर्याय निवडण्याकडे झुकतो, तर ऐकून उत्तर देणाऱ्याच्या लक्षात शेवटचा पर्याय राहतो. प्रश्न लांबलचक असेल तर हे अधिक घडते. शिवाय ‘आठवड्यातून किती बादल्या’ हा हिशेब आजोबांना समोर बसून, आठवण करून देत विचारला तरच नीट मिळतो.

तुमच्या पाहणीत वय आणि पद्धत एकमेकांत मिसळल्याने फरक नेमका कशाचा, हे कळणार नाही. दोन्ही वयोगटांतील काही घरे चिठ्ठ्या टाकून निवडा, पद्धतींची अदलाबदल करा आणि गाडीच्या प्रश्नाचे उत्तर तेवढे बंद पाकिटातून घ्या.