वाचकांचे प्रश्न : नानकटाई आणि आकाशकंदील

प्रश्न : दिवाळीत मी घरीच नानकटाई करते, परंतु ओव्हनमध्ये ती पसरून चपटी होते. मुलांसोबत केलेल्या आकाशकंदिलाचा कागदही सुरकुततो. माझे काय चुकत असावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नानकटाई पसरण्यामागे बहुधा तुपाचा दोष असतो. वितळलेले तूप घेतल्यास ते साखरेसोबत फेसून हलके होत नाही आणि उष्णता लागताच पीठ आकार धरण्यापूर्वीच वाहू लागते. म्हणून थिजलेले, रवाळ तूप घ्यावे आणि ते पिठीसाखरेसह पांढरेशुभ्र होईपर्यंत हाताने फेसावे. अर्धी वाटी तूप व तेवढीच पिठीसाखर यांना एक वाटी मैदा, अर्धी वाटी बेसन आणि दोन चमचे बारीक रवा पुरतो. वेलदोड्याची पूड हवीच, कारण नानकटाईचा खरा सुगंध तोच. गोळा मळू नये, केवळ एकत्र करावा. वळलेल्या नानकटाया 30 मिनिटे फ्रीजमध्ये ठेवून, आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये 160 अंश सेल्सिअसवर सुमारे 20 मिनिटे भाजाव्यात. बाहेर काढताना त्या मऊच लागतात. गार झाल्यावर खुसखुशीत होतात, त्यामुळे अधिक भाजण्याचा मोह टाळावा.

आकाशकंदिलासाठी पतंगी कागद वापरत असाल, तर खळ घट्ट करावी आणि ती कागदाला न लावता बांबूच्या कामट्यांनाच पातळ लावावी. आत मेणबत्तीऐवजी कमी वॅटचा एलईडी दिवा सोडावा.