डोंगरातले शतायुषी आणि त्यांची जन्मनोंद

प्रश्न : डोंगराळ प्रदेशांत आणि बेटांवर माणसे सहज शंभरी गाठतात, असे वारंवार वाचनात येते. भूगोलाचा आयुर्मानाशी खरोखर संबंध आहे का? निवृत्तीनंतर अशा ठिकाणी राहायला गेल्यास आयुष्य वाढेल का?

उत्तर : संबंध आहे, पण आधी जन्मनोंद पाहावी लागते. इक्वाडोरमधील विल्काबांबा हे अँडीज पर्वतातील गाव 1970च्या दशकात शतायुषींचे गाव म्हणून गाजले. तेथील एका वृद्धाचे वय तर काही वर्षांतच अकरा वर्षांनी वाढले. पुढे चर्चमधील नोंदी तपासल्या, तेव्हा शंभरी गाठलेले तेथे कोणीच निघाले नाही आणि सर्वांत वयोवृद्ध व्यक्ती 96 वर्षांची ठरली.

इटलीच्या सार्डिनिया बेटावरील डोंगराळ भागाचे उदाहरण मात्र नोंदींच्या तपासणीत बरेच टिकले आहे. इतरत्र शतायुषींमध्ये स्त्रियांची संख्या पुरुषांच्या कितीतरी पट असते; येथे ती जवळजवळ सारखी आढळली. येथील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मेंढपाळ; कळपामागे रोज चढउतार केल्याने हृदयाला आणि पायांना जो व्यायाम घडतो, तो त्यांना मुद्दाम करावा लागला नाही. त्यातच दुर्गमतेमुळे विवाहसंबंध जवळपासच होत राहिले, त्यामुळे आनुवंशिकतेचा वाटा वेगळा काढणे अवघड जाते.

हवेचा परिणाम अधिक स्पष्ट दिसतो. चीनमध्ये ह्वाय नदीच्या उत्तरेस हिवाळ्यात घरे उबदार ठेवण्यासाठी सरकारी धोरणानुसार कोळसा पुरवला जाई, दक्षिणेस नाही. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नदीच्या उत्तरेकडील आयुर्मान प्रदूषणापायी सुमारे 3.1 वर्षांनी कमी असल्याचे आढळले. म्हणजे नदी भूगोलाची असली, तरी धूर माणसांचाच होता.

स्थलांतराविषयी बोलायचे, तर जपानमधील ओकिनावा बेटांचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. समुद्र तोच, हवामानही तेच. तरीही 1980च्या दशकात आयुर्मानात जपानमध्ये आघाडीवर असलेले तेथील पुरुष 2000 सालच्या आकडेवारीत 47 प्रांतांमध्ये 26व्या क्रमांकावर आले. मोटारीची सवय, चरबीयुक्त आहार आणि वाढते वजन यांकडे अभ्यासक बोट दाखवतात. तेव्हा घर बदलायचेच असेल, तर नव्या ठिकाणची हवा स्वच्छ आहे का आणि दवाखाना किती अंतरावर आहे, हे पाहावे. डोंगरावर राहून चढण मोटारीनेच चढायची असेल, तर आहे ते घर सोडण्याचे कारण मला दिसत नाही.