'अंगावर येणं' कळतं, तर 'पुट ऑफ'ही कळेल

'पुट' म्हणजे ठेवणे, 'ऑफ' म्हणजे बंद. मग 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे कसं? असे किती पाठ करायचे? (बारावीची विद्यार्थिनी, जुळे सोलापूर)

बैल अंगावर आला, उधारी अंगाशी आली, गड्ड्याच्या जत्रेत एका बाईच्या अंगात आलं. तिन्हीकडे 'अंग' आणि 'येणे' हेच शब्द आहेत, बदलला तो प्रत्यय. तरी तुमचा कधी गोंधळ होत नाही, कारण ही जोडी तुम्ही लहानपणी अख्खीच उचललीत, फोड करून नाही. इंग्रजी जोड्याही तशाच अख्ख्या उचलायच्या.

'ऑफ'चा जुना भाव 'दूर' असा आहे. 'बंद' हा त्यातला एकच अर्थ. म्हणून 'पुट ऑफ' म्हणजे काम आजपासून दूर नेऊन ठेवणं. 'अप' बऱ्याचदा आपल्या 'टाकणे'सारखा वागतो : 'ईट अप' म्हणजे खाऊन टाक. सगळीकडे हे लागू पडत नाही. 'लुक अप' म्हणजे शब्दकोशात शोधणे. तेव्हा वहीत नुसती जोडी लिहू नका, घरातलं एखादं वाक्य लिहा : 'वी पुट ऑफ द वेडिंग', आम्ही लग्न पुढे ढकललं. शब्दकोशात 'पुट'चा पहिला अर्थ वाचून थांबू नका. अशा जोड्या बहुधा त्या नोंदीच्या शेवटी असतात.

परदेशी गिऱ्हाइकाच्या मेलमध्ये 'पुट ऑफ टिल मार्च' होतं. मी ऑर्डर रद्द समजलो आणि टॉवेलचं काम थांबवलं. (कारखान्यातील कारकून, अक्कलकोट रोड एमआयडीसी)

रद्द करणे म्हणजे 'कॉल ऑफ'. 'पुट ऑफ'मध्ये ऑर्डर जिवंत असते, फक्त तारीख सरकते. तुमच्या मेलमध्ये 'टिल मार्च' ही खूण होती. रद्द झालेल्या कामाला पुढची तारीख कोण देईल? पैशाच्या मेलमध्ये शंका आली, तर 'पोस्टपोन्ड ऑर कॅन्सल्ड?' असं सरळ विचारा, त्यात कमीपणा नाही. उत्तर लिहिताना 'इट' मध्ये घाला : 'पुट इट ऑफ'. 'पुट ऑफ इट' चुकीचं आहे.

आमच्या घरी पॉवरलूम आहेत. इंग्रजी पेपरात 'स्ट्राइक लूम्स' वाचलं. मागांचा संप का? (वाचक, अशोक चौक)

नाही. इथे 'लूम' क्रियापद आहे : एखादं संकट समोर घोंगावत राहणं. संप कुठलाही असू शकतो, बँकेचासुद्धा. अनोळखी शब्द निदान थांबवतो. ओळखीचा शब्द वेगळ्या कामाला लागला की चकवतो, म्हणून त्याचीच मला जास्त काळजी वाटते. नेहमीचा अर्थ वाक्यात बसेना, की तो शब्द नवा समजून शोधा.

मुलाखतीत 'आय पास्ड आऊट इन 2021' म्हणालो, समोरची परदेशी बाई दचकली. (बी. कॉम. पदवीधर)

तिला वाटलं, तुम्ही 2021 मध्ये बेशुद्ध पडलात. हा वापर आपल्याकडे रुळलेला आहे, पण बाहेर 'पास आऊट'चा नेहमीचा अर्थ शुद्ध हरपणं. 'आय ग्रॅज्युएटेड इन 2021' म्हणा.