भूतान : सहा रात्री कशा बसवायच्या?

प्रश्न : आम्ही दोघं, आई-बाबा आणि आठ वर्षांचा मुलगा. सहा रात्री आहेत. मध्य भूतानातलं बुमथांगही करता येईल का?

करू नका. भूतानात किलोमीटर बघून बेत आखला की फसगत होते. थिंपू ते पुनाखा जेमतेम पाऊणशे किलोमीटर, पण वळणावळणाच्या घाटात अडीच-तीन तास जातात. बुमथांगला जायला एक आख्खा दिवस आणि यायला दुसरा. त्यापेक्षा थिंपू दोन, पुनाखा एक, फोब्जिखा खोऱ्यात एक आणि शेवटी पारो दोन, अशा रात्री लावा. वाटेतली दोचुला खिंड (सुमारे ३,१०० मीटर, १०८ स्तूप) सकाळी लवकर गाठा. दुपारी ढग चढले की हिमशिखरं दिसत नाहीत. पुनाख्याचा झोंग (किल्लेवजा मठ) १६३७ सालचा, फो छू आणि मो छू या नद्यांच्या संगमावर. हा भाग बराच सखल आणि उबदार, म्हणून आजही हिवाळ्यात भिक्षुसंघ थिंपूहून इथे मुक्कामाला येतो.

प्रश्न : आधार कार्ड चालेल का? आणि तो रोजचा कर किती पडेल?

आधार चालत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रच लागतं. मुलाचा पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला मूळ प्रत घ्या. भारतीयांना व्हिसा नाही, पण परमिट आणि शाश्वत विकास शुल्क आहे : माणशी रात्रीला १,२०० रुपये, सहा ते बारा वयाला निम्मे, सहाखाली माफ. वरच्या कुटुंबाचाच हिशेब घ्या : चार मोठ्यांचे सहा रात्रींचे २८,८०० आणि मुलाचे ३,६००, एकूण ३२,४००. हॉटेल, गाडी वेगळी. पारो-थिंपूच्या पुढे भारतीयांनाही गाइड घ्यावा लागतो, तो खर्चही आधीच धरा. न्गुलत्रुम (भूतानचं चलन) आणि रुपया एकास एक, पण उरलेले न्गुलत्रुम भारतात कुणी घेणार नाही, निघण्यापूर्वी संपवा.

प्रश्न : आईचं वय ६६, गुडघे कुरकुरतात. ताक्त्सांग (पारोजवळचा कड्यावरचा मठ, ‘टायगर्स नेस्ट’) जमेल?

अर्ध्यापर्यंत नक्की. पार्किंग सुमारे २,६०० मीटरवर, मठ ३,१२० वर. चढाई साधारण पायवाटेनं सिंहगड चढण्याएवढी, पण हवा विरळ, त्यामुळे दम लवकर लागतो. म्हणूनच हे शेवटच्या दिवसांत ठेवा, तोवर अंगाला उंचीची सवय होते. घोडा मिळतो, तो मधल्या कॅफेटेरियापर्यंतच, आणि फक्त चढताना, उतरताना पायीच. आईंनी तिथे चहा घेत समोरच्या कड्यावरचा मठ पाहिला तरी फेरी वाया जात नाही.

पुढे खरी मेख आहे. मठ अगदी समोर दिसतो आणि वाट अचानक दरीत उतरते. धबधब्याजवळचा पूल ओलांडायचा आणि पुन्हा चढायचं. उतार-चढ मिळून सातशेहून अधिक पायऱ्या. परतताना त्याच उलट्या, आणि गुडघे रडतात ते इथेच. दोन काठ्या न्या. सकाळी आठच्या आत निघा : वर पोचायला अडीच-तीन तास, आणि दुपारी एक ते दोन मठ बंद असतो. तिकीट खालीच काढा, वर खिडकी नाही. मोबाइल, कॅमेरा, पिशवी दाराशी ठेवावी लागते. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पूर्ण पँट हवी. १९९८ च्या आगीनंतर मठ पुन्हा उभारला गेला, पण त्याचा नवेपणा जाणवत नाही.

प्रश्न : फोब्जिख्यात क्रौंच कधी दिसतात?

काळ्या मानेचे क्रौंच ऑक्टोबरअखेर येतात, फेब्रुवारीत तिबेटकडे परततात. ११ नोव्हेंबरला गांगतेच्या मठात त्यांचा उत्सव असतो. दलदलीत उतरू नका, कडेच्या पायवाटेनंच फिरा, दुर्बीण न्या. रात्री पारा शून्याखाली जातो, तेव्हा खोलीत बुखारी (लाकडाची शेगडी) आहे ना, हे बुकिंग करतानाच विचारा.

प्रश्न : शाकाहारी जेवण?

मिळतं. एमा दात्शीत (मिरची आणि चीजची भाजी) मिरची ही भाजी असते, मसाला नव्हे. मुलासाठी बटाट्याची केवा दात्शी मागवा, आणि ‘मिरची नको’ हे ऑर्डर देतानाच सांगा.

प्रश्न : मुंबईहून जायचं कसं?

दिल्ली किंवा कोलकात्याहून पारोचं विमान. दिल्लीहून जाताना डावीकडची खिडकी घ्या, एव्हरेस्ट दिसू शकतं. पारोला विमान फक्त दिवसा आणि डोळ्यांनी दरी दिसत असेल तरच उतरतं, ढग आले की उड्डाण पुढे ढकलतात. त्यामुळे परतताना दिल्ली-मुंबईचं तिकीट त्याच संध्याकाळचं काढू नका.