पोरगी फोनला हात लावत नव्हती

‘मॅडम, लेकराच्या हातचा मोबाईलच काढून घेतला तं झंझटच मिटते ना?’ पालकसभेत हा प्रश्न हमखास येतो. हल्ली त्यावर मी सोनूची गोष्ट सांगते. नाव अर्थात खरं नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.

यवतमाळ जिल्ह्यातलं लहानसं गाव, कापूस-तुरीचं घर. सोनू नववीत. घरात स्मार्टफोन एकच, बाबांचा. आणि रेंज नीट मिळते ती पाण्याच्या टाकीजवळ, म्हणून संध्याकाळी सगळी पोरं तिथल्या ओट्यावर. इन्स्टाग्रामचं खातं उघडायला 13 वर्षं पूर्ण लागतात. सोनूनं ते सातवीतच, जन्मसाल बदलून उघडलं होतं. सगळ्यांनीच उघडलं होतं.

दिवाळीनंतर ती टाकीकडे जाईनाशी झाली. फोन समोर पडलेला असला तरी हात लावेना. आईला बरंच वाटलं, ‘दहावी जवळ आली, पोरीले अक्कल आली.’ मग जेवण कमी झालं, रोज सकाळी पोट दुखायला लागलं, शाळा बुडू लागली, तेव्हा वर्गशिक्षिकेनं मला बोलावलं.

पहिल्या भेटीत मीच चुकले. थोडंफार कळल्याबरोबर विचारून बसले, ‘अगं, पण तू फोटो पाठवलासच कशाला?’ पुढचे आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. इतकी वर्षं हे काम करूनही तो ‘कशाला’ जिभेवर येतोच.

पुढच्या वेळी आम्ही शाळेमागच्या बोरीखाली बसलो. बोरं वेचता वेचता तिनं सांगितलं. एका ‘मुली’शी ओळख झाली होती. आधी अभ्यास, मेंदीच्या डिझाइन. मग आई रागावली की समजूत काढणं. सोनूनं पाठवला होता तो गॅदरिंगमधला, नऊवारीतला साधा फोटो. तोच चेहरा भलत्याच उघड्या अंगाला चिकटवून परत आला. सोबत धमकी: आता खरा पाठव, नाहीतर हा गावच्या ग्रुपवर टाकतो.

घरी का नाही सांगितलं, हे मी या वेळी विचारलं नाही. तीच म्हणाली, ‘बाबा शाळा बंद करतीन. मंग लगनच.’

त्या माणसापेक्षा तिला घरची धास्ती जास्त होती. त्यालाही ते पक्कं ठाऊक होतं.

मी तिला तिथेच सांगितलं की हे मला पोटात ठेवता येणार नाही. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून वाचवणाऱ्या कायद्याप्रमाणे (2012) असा गुन्हा ज्याला कळतो त्याला तो पोलिसांना कळवावाच लागतो, आणि फोटो बनावट असला तरी धमकी हा गुन्हाच. पण घरी आधी कोणाला सांगायचं, ते तिनं ठरवायचं. तिनं आईला निवडलं.

बाबांनी ऐकलं आणि फोन दगडावर आपटायला उचलला. ‘भाऊ, फोडू नका, पुरावा त्यातच आहे.’ हात वरच राहिला त्यांचा. मग आम्ही धमक्यांचे स्क्रीनशॉट घेतले, खात्याचं नाव, लिंक, तारीख-वेळ टिपून ठेवली, तक्रार केली आणि सगळ्यात शेवटी ब्लॉक केलं. बरेच जण घाबरून आधी सगळं डिलीट करतात. तो बनावट फोटो मात्र कोणालाही, अगदी मदत मागायलासुद्धा, पाठवायचा नाही असं बजावलं. मुलांचा असा फोटो पुढे ढकलणं हाही गुन्हाच.

‘पोलिसाची गाडी दारात आली तं गावात तोंड कसं दाखवू?’ बाबांची भीती काही खोटी नव्हती. पण मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, वर्दी न घालता, शक्यतो महिला उपनिरीक्षकानं घ्यायचा असं कायदाच सांगतो. नावही छापता येत नाही. बाई पंजाबी ड्रेसमध्ये स्कूटीवर आल्या. शेजारणीला वाटलं, लसीकरणवाल्या. जबाब होईपर्यंत आईनं चहाचं आधण तीनदा आटवलं.

तो कोण निघाला ते इथे लिहिणार नाही. लांबचा नव्हता, एवढंच.

तर मोबाईल काढून घ्यायचा का? सोनूनं तो स्वतःहूनच सोडला होता, धमकी काही थांबली नाही. खातं प्रायव्हेट ठेवा, अनोळखी रिक्वेस्ट घेऊ नका, हे शाळेत शिकवतातच. मुलांसाठीचा मदतीचा फोन नंबर 1098 वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. 1930 हा मुख्यतः पैशाच्या फसवणुकीसाठी आहे. पण मी पालकांकडून सभेतच एक वाक्य मोठ्यानं म्हणवून घेते: ‘काहीही झालं तरी सांग, सांगितलं म्हणून तुझी शाळा बंद होणार नाही.’ पुरुषमंडळी आधी लाजतात.

परवा सोनूच्या बाबांचा फोन आला. ‘मॅडम, लहान्यानं काल सोताहून सांगतलं, गेममंधी कोनी तरी ओटीपी मागून रायलं म्हणे. मी वरडलो नाही.’ थोडा वेळ नुसती मळणी यंत्राची घरघर. ‘म्हंजे, थोडासा वरडलो.’