मैदानावर फक्त खेळ चालतो, मग त्यात समाजशास्त्र कुठून आलं?

तुमचा प्रश्न असा आहे: मुलगी समाजशास्त्रात एम.ए. करतेय, प्रकल्पाला 'खेळ आणि समाज' हा विषय घ्यायचा म्हणते. पण मैदानावर ना जात चालते ना पैसा, ज्याच्या अंगात दम तो पुढे जातो, मग त्यात ती शोधणार काय?

मी बावीस वर्षं क्रीडाशिक्षक आहे, तालुक्याच्या शाळेत मुलींना खो-खो शिकवतो. तुम्ही जे म्हणताय ते पालकसभेत मीही अनेकदा बोललोय, आणि ते अर्धं खरं आहे. चुन्यानं आखलेल्या रेषेच्या आत नियम सगळ्यांना सारखेच असतात. पण त्या रेषेपर्यंत कोण पोचतं, खेळ संपल्यावर कोण कुठे बसून पाणी पितं, कप्तान कोणाला करतात, यातलं काहीच पंचाच्या हातात नसतं. तुमच्या मुलीचा अभ्यास तिथूनच सुरू होतो.

एकच उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण ते आपल्या पुण्या-मुंबईतलं आहे आणि आपल्याकडे क्रिकेटवर एवढं बोलणारी माणसं त्याबद्दल फार कमी बोलतात. बाळू पालवणकर. चर्मकार कुटुंबातला मुलगा, वडील लष्करात नोकरीला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात त्यांना महिना 4 रुपयांवर काम मिळालं. खेळपट्टी लाटायची, जाळी लावायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. जे. जी. ग्रेग नावाचा नावाजलेला इंग्रज फलंदाज त्यांच्याकडून तासन्‌तास सराव करून घ्यायचा. बाद केलं की दर वेळी आठ आणे द्यायचा, अशी आठवण सांगितली जाते. हिशोब करून बघा, ग्रेगला आठ वेळा बाद केलं की महिन्याचा पगार सुटला! पण त्या जाळीत बाळूंच्या हातात बॅट मात्र कुणी दिली नाही.

इथे क्षणभर थांबा. फलंदाजी साहेबाची हौस होती आणि गोलंदाजी ही नोकराची मजुरी. बाळू भारतातले पहिले मोठे डावखुरे फिरकी गोलंदाज झाले ते अंगच्या गुणामुळे आणि मेहनतीमुळे, यात शंका नाही. पण ते गोलंदाजच का झाले, याचं उत्तर त्यांच्या मनगटात शोधून सापडणार नाही. ते त्या क्लबातल्या कामाच्या वाटणीत आहे. माझ्या मते खेळाच्या समाजशास्त्राचा पहिला धडा हाच.

पुढे पुण्यातल्या हिंदू मंडळींच्या क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं. बाळूंशिवाय ते जमणार नव्हतं. घ्यायचं की नाही यावर वाद झाला आणि शेवटी घेतलं. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू बाकीचे दहा जण हाताळायचे. (तो चेंडूही चामड्याचाच, हे कुणाच्या मनात आलं असेल का, असं मला नेहमी वाटतं.) आणि चहाची वेळ झाली की संघातले बाकीचे आत बसून चिनी मातीच्या कपातून चहा प्यायचे, तर बाळूंना बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. जेवणाचं ताटही वेगळं. ज्या हातानं सकाळी बळी मिळवून दिले, त्याच हाताची दुपारी शिवाशीव. मला हे लिहितानाही त्रास होतो.

प्लेगच्या काळात ते मुंबईला आले आणि तिथल्या हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. 1906 साली हिंदूंच्या संघानं मुंबईत युरोपियनांना 109 धावांनी हरवलं. 1911 मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हा बाळूंनी त्या दौऱ्यात 114 बळी घेतले. एवढं करूनही हिंदू संघाचं कप्तानपद त्यांना कधी मिळालं नाही. ते मिळालं त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल पालवणकर यांना, 1923 साली, आणि तेही आधीच्या काही वर्षांतल्या वादानंतर, भावांनी नाराजी उघड दाखवल्यानंतर.

हा टप्पा मुलीला नीट बघायला सांगा. संघात घेणं सोपं होतं, कारण बळी हवे होते. अडलं कुठे, तर कप्तानाच्या जागेवर. कप्तान म्हणजे वरच्या जातीच्या दहा जणांना 'तू इकडे उभा राहा, तू तिकडे जा' असं सांगणारा माणूस. गुण वापरून घेणं आणि हुकूम मानणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि दोन्हींच्या मध्ये इतकी वर्षं गेली. आजही एखाद्या संघात कोण खेळतं यापेक्षा प्रशिक्षक कोण, निवड समितीत कोण, पदाधिकारी कोण, याची यादी करून बघितली तर बरंच काही कळतं. बायकांच्या खेळांत तर हे फारच उघड दिसतं.

हिंदूंचा हा संघ मुंबईत ज्या स्पर्धेत खेळायचा, तीही अभ्यासण्यासारखी आहे. संघ धर्मावरून पाडलेले: युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान. 1937 पासून उरलेल्यांचा एक 'रेस्ट' संघ. विजय हजारे ख्रिश्चन म्हणून 'रेस्ट'कडून खेळले. 1943 च्या मोसमात हिंदूंविरुद्ध संघाच्या 387 धावांपैकी 309 एकट्या त्यांच्या होत्या. गांधीजींनी अशा धर्मवार क्रिकेटला जाहीर विरोध केला होता, आणि 1946 मध्ये ती स्पर्धा कायमची बंद पडली. मैदानात धर्म चालत नाही म्हणताना हेही लक्षात असू द्या.

आता माझ्या मैदानाबद्दल. तुम्ही म्हणाल हे जुनं झालं.

आमच्याकडे आठवीत सरावाला चांगल्या पंधरा-सोळा मुली यायच्या. दहावीत उरायच्या चार-पाच. दरवर्षी तेच. मी वर्षानुवर्षं म्हणत आलो, 'वय वाढलं की मुलींची आवड कमी होते.' जिल्हास्तरावर नाव काढेल अशी एक मुलगी होती. खांबावरून वळताना तिचा वेग बघून दुसऱ्या शाळेची पोरं थांबायची. तिनं दिवाळीनंतर येणं बंद केलं. मी रागावलो. मग एका रविवारी तिच्या वाडीवर गेलो.

आईनं चहा केला आणि शांतपणे सांगितलं, 'सर, शेवटची गाडी साडेपाचला सुटते. तुमचं सहाला सुटतं. फाट्यापासून घर दोन किलोमीटर, मधी ऊस.' एवढंच. वर दावणीला दोन जनावरं, त्यांची वैरण तिच्याकडे. आणि जाता जाता, आवाज खाली करून, 'ते चड्डीवर पळणं तिच्या चुलत्याला पटत नाही.' मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. पायात बूट नव्हते, पण घोट्याला सरावाची पट्टी अजून तशीच होती.

मी ज्याला आवड म्हणत होतो तो गाडीचा वेळ होता, उसाचं शेत होतं, वैरण होती आणि चुलता होता. त्या वर्षापासून सराव सकाळी सातला, शाळेच्या आधी ठेवला आणि मुलींना पूर्ण पायजमा घालायची मुभा दिली. पुढच्या वर्षी दहावीत नऊ मुली टिकल्या. माझं शिकवणं काही सुधारलं नव्हतं. ती मुलगी मात्र परत आली नाही, तिचं लग्न ठरलं होतं. ते मला अजून लागतं.

खो-खोत गावाकडच्या मुली इतक्या का चमकतात, याचंही कारण यातच आहे. दोन खांब, सपाट माती, आणखी काही लागत नाही. धाराशिवच्या सारिका काळेंना 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा आमच्या मुलींनी वर्गात टाळ्या वाजवल्या, कारण ती वाट त्यांना ओळखीची वाटली. टेनिसची रॅकेट आमच्या शाळेत कुणी हातात धरलेली नाही. त्या खेळाची आवड नाही असं कुणी म्हटलं तर आता मी गप्प बसत नाही. आणि खर्च फक्त साहित्याचा नसतो. खाशाबा जाधव 1952 ला हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी लोकांनी वर्गणी काढली होती आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं होतं. असा प्राचार्य ज्यांना भेटला नाही त्या मल्लांची नावं कुठल्याच यादीत नाहीत.

तर मुलीला विषय घेऊ द्या. ग्रंथालयातून सुरुवात करू नकोस म्हणावं. एखादं मैदान धरून महिनाभर रोज तिथे बसायचं. कोण कशानं येतं, कोण लवकर निघून जातं, पाण्याची बाटली कोण कुणाला देतं, मुलींनी मैदान कोणत्या वेळी सोडावं लागतं, हे वहीत टिपायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मागच्या दोन वर्षांचं हजेरीपुस्तक मागून घ्यायचं, आणि ज्या नावांपुढे अचानक रेघ सुरू होते त्या घरी जायचं.

आमचा सराव सातला सुरू होतो. तिला इकडे यायचं असेल तर इथेच खाली कळवा, त्या घरांपर्यंत मी स्वतः सोबत येईन.