वाचक विचारतात : दारावर लागलेला निकाल

प्रश्न : आफ्रिकेतील निवडणुकांच्या बातम्यांत ‘स्थानिक निरीक्षक संघटनेच्या अंदाजानुसार’ असा उल्लेख वारंवार येतो. अधिकृत निकाल लागण्यापूर्वी एखादी स्वयंसेवी संस्था असा अंदाज कशाच्या आधारे देते? तो मतदानोत्तर चाचणीसारखाच समजावा का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : तसा समजू नये. मतदानोत्तर चाचणीत मतदाराने जे सांगितले ते नोंदवले जाते, आणि भीतीच्या वातावरणात तो खरे सांगेलच असे नाही. निरीक्षक संघटनांच्या समांतर मतगणनेत मतदाराला काहीच विचारले जात नाही. तिचा आधार असतो तो मतदान केंद्रावर प्रत्यक्ष मोजल्या गेलेल्या मतांचा. त्यामुळे जेथे मोजणी केंद्रावरच होते आणि तेथील आकडे तेथेच उघड होतात, अशाच देशांत ती नीट जमते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण झिम्बाब्वेचे आहे. दक्षिण आफ्रिकेच्या मध्यस्थीने सत्ताधारी झानू-पीएफ आणि विरोधी एमडीसी यांच्यात झालेल्या वाटाघाटींनंतर तेथील निवडणूक कायद्यात बदल झाले आणि मोजणी संपताच प्रत्येक केंद्राचा निकाल केंद्राबाहेर लावणे बंधनकारक झाले. तरतूद एवढीशी होती, पण २९ मार्च २००८ च्या निवडणुकीत तिने जे साधले ते परदेशी निरीक्षकांच्या शिष्टमंडळांना साधले नसते. अनेक नागरी संस्थांनी मिळून २००० साली स्थापन केलेल्या ‘झिम्बाब्वे इलेक्शन सपोर्ट नेटवर्क’ने सुमारे नऊ हजार केंद्रांमधून काहीशे केंद्रे संख्याशास्त्रीय पद्धतीने निवडली. प्रत्येक प्रांताला त्याच्या वजनानुसार वाटा मिळेल, पण कोणते केंद्र येईल हे मात्र केवळ योगायोगावर ठरेल, अशी ती निवड होती. तेथील प्रशिक्षित निरीक्षकांनी पाहिलेल्या मोजणीचे आकडे मुख्य कार्यालयाकडे पाठवले आणि ३१ मार्चला संस्थेने आपला अंदाज जाहीर केला : एमडीसीचे नेते मॉर्गन त्स्वांगिराई ४९.४ टक्के, झानू-पीएफचे तत्कालीन अध्यक्ष रॉबर्ट मुगाबे ४१.८ टक्के, अपक्ष उमेदवार सिंबा माकोनी ८.२ टक्के.

निवडणूक आयोगाने अध्यक्षपदाचा निकाल जाहीर केला तो २ मे रोजी, म्हणजे पाच आठवड्यांनी. त्यात त्स्वांगिराई यांना ४७.९ आणि मुगाबे यांना ४३.२ टक्के मते होती. दोन्ही आकडे संस्थेने दिलेल्या सुमारे अडीच टक्क्यांच्या चूक-मर्यादेत बसतात. मात्र याच मर्यादेमुळे संस्थेला एक गोष्ट ठामपणे सांगता आली नाही. पहिल्याच फेरीत विजयासाठी निम्म्याहून अधिक मते लागत होती, आणि ४९.४ भोवतीची मर्यादा पन्नासच्या दोन्ही बाजूंना पोचत होती. त्स्वांगिराई पुढे आहेत हे निश्चित होते. ते जिंकले आहेत की नाहीत, हे नव्हते. विरोधी पक्षाचे समर्थक विजयाची घोषणा ऐकायला आतुर असताना संस्थेने आपल्या आकड्यांना जेवढे म्हणता येत होते तेवढेच म्हटले. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत अवघड आणि सर्वांत प्रामाणिक काम तेच होते. एप्रिलच्या अखेरीस पोलिसांनी संस्थेच्या हरारेतील कार्यालयाची झडती घेतली. पुढे हिंसाचारामुळे त्स्वांगिराई यांनी दुसऱ्या फेरीतून माघार घेतली आणि २७ जूनच्या त्या फेरीत मुगाबे एकतर्फी विजयी झाले. नागरिक निरीक्षणाने निकाल वाचवला नाही. पहिल्या फेरीत मुगाबे पुढे होते असे कोणालाही म्हणता येऊ नये, एवढे मात्र त्याने केले.

निवडक केंद्रे घेण्यापेक्षा सगळीच का मोजू नयेत, असे काहींना वाटेल. फिलिपीन्समधील ‘नाम्फ्रेल’ या संघटनेने फेब्रुवारी १९८६ मध्ये सत्ताधारी अध्यक्ष मार्कोस आणि विरोधी उमेदवार कोराझोन अकिनो यांच्या लढतीत लाखो स्वयंसेवकांच्या बळावर तोच घाट घातला होता, आणि तिच्या मोजणीत अकिनो पुढे असल्याचे दिसल्याने सरकारी निकालावरचा विश्वास उडण्यास मोठा हातभार लागला. परंतु ती मोजणी पूर्ण झाली नाही, आणि अर्धवट बेरजेचा धोका असा की, जेथून स्वयंसेवकांना हुसकावले जाते नेमके तेथलेच आकडे येत नाहीत. योग्य रीतीने निवडलेला लहान नमुना अशा अर्धवट बेरजेपेक्षा अधिक विश्वासार्ह ठरतो. भात शिजला का हे पाहायला सगळे पातेले उपसावे लागत नाही.

या पद्धतीची मर्यादाही स्पष्ट आहे. केंद्रावर मोजलेली मते आणि वर जाहीर झालेली बेरीज यांचा मेळ बसतो का, एवढेच ती सांगते. केनियात २०१७ साली निरीक्षक गटाचा अंदाज अधिकृत निकालाशी जुळत होता, तरीही तेथील सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबरला ती अध्यक्षीय निवडणूक रद्द केली, कारण निकाल पाठवण्याची आणि पडताळण्याची प्रक्रिया कायद्याप्रमाणे पार पडली नव्हती.

प्रश्न : अशा संस्था बहुधा परदेशी निधीवर चालतात. मग त्यांना निःपक्षपाती कसे म्हणावे? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : शंका रास्त आहे. एप्रिल २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्क येथील मुख्यालयात जाहीर झालेल्या नागरिक निरीक्षण संघटनांच्या जागतिक तत्त्वांमध्ये निधीचे स्रोत उघड करणे आणि कोण जिंकते याविषयी तटस्थ राहणे, या दोन्ही अपेक्षा आहेत. पण निधीचा मुद्दा सरकारेही हत्यारासारखा वापरतात. रशियातील ‘गोलोस’ या संघटनेवर २०१३ साली ‘परदेशी हस्तक’ असा शिक्का बसला आणि तिचे सहअध्यक्ष ग्रिगोरी मेलकोन्यांत्स यांना मे २०२५ मध्ये पाच वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. माझ्या दृष्टीने खरी कसोटी पैशापेक्षा पद्धतीची आहे. नमुना कसा निवडला, किती केंद्रांचे आकडे आले आणि किती ठिकाणी निरीक्षकांना आत जाऊ दिले नाही, हे संस्था सांगत असेल तर तिचे म्हणणे तपासता येते.

प्रश्न : आमच्या संस्थेला महाराष्ट्रातील मतदान केंद्रांवर असे निरीक्षक नेमता येतील का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : सध्याच्या नियमांनुसार नाही. निवडणूक संचालन नियम, १९६१ मध्ये केंद्रात कोणाला प्रवेश द्यायचा हे ठरवून दिले आहे : मतदार, मतदान अधिकारी, कामावरील सरकारी कर्मचारी, उमेदवार व त्यांचे प्रतिनिधी, आणि आयोगाने अधिकार दिलेल्या व्यक्ती. आयोग जे निरीक्षक नेमतो ते लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २०-ब नुसार सरकारी अधिकारीच असावे लागतात. शिवाय आपल्याकडे मोजणी केंद्रावर होत नाही. यंत्रे मोजणीच्या ठिकाणी नेली जातात. त्यामुळे झिम्बाब्वेसारखा दारावरचा निकाल येथे नसतो. केंद्राध्यक्ष मतदान संपल्यावर ‘नमुना १७-सी’ या विहित तक्त्याची प्रत उमेदवारांच्या मतदान प्रतिनिधींना देतो, आणि तीत एकूण किती मते नोंदवली गेली हे असते. हे आकडे केंद्रनिहाय प्रसिद्ध करावेत अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे गेली होती. मे २०२४ मध्ये, निवडणूक सुरू असताना, न्यायालयाने अंतरिम आदेश देण्यास नकार दिला.

तरी आपल्या संस्थेला काम नाही असे मुळीच नाही. उमेदवारांच्या मालमत्तेची आणि त्यांच्यावरील गुन्ह्यांची प्रतिज्ञापत्रे आज कोणालाही वाचता येतात, ती अहमदाबादच्या प्राध्यापकांनी १९९९ मध्ये स्थापन केलेल्या ‘असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स’च्या न्यायालयीन लढ्यामुळे. आचारसंहिताभंगाची तक्रार निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर छायाचित्रासह करता येते. निकालानंतर प्रत्येक मतदारसंघाचा ‘नमुना २०’ हा निकालतक्ता उपलब्ध होतो. त्यात केंद्रवार कोणाला किती मते पडली हे दिलेले असते. एखाद्या उमेदवाराच्या प्रतिनिधींकडून १७-सीच्या प्रती मिळवता आल्या, तर दोन्हींतील एकूण मतांचे आकडे ताडून पाहता येतील. मात्र प्रती एकाच पक्षाकडून घेतल्या असतील, तर अहवालात तसे नमूद करावे.